तारणहार नको, पूल हवा : आपल्या कथांमधले नायक आणि त्यांचे गुण

लहान मुलाला विचारा, तुझा आवडता हिरो कोण? स्पायडरमॅन, बाहुबली, पुष्पा अशी नावे पटापट येतात. मग घरातले मोठे नाराज होतात. आपल्याकडे तथागत बुद्ध, जोतीराव-सावित्रीमाई, बाबासाहेब असे खरे महापुरुष असताना या खोट्या हिरोंची गरजच काय, असा त्यांचा सवाल असतो.

हा सवाल टाळण्यासारखा नाही. पण मुलावर रागावून त्याचे उत्तर मिळत नाही. महापुरुषांचे फोटो आपण भिंतीवर लावतो, त्यांच्या जयंत्या साजऱ्या करतो. मुलाला ते पहिल्यापासून जिंकलेलेच दिसतात. ते कधी घाबरले होते का, त्यांना कधी लाज वाटली होती का, हे त्याला कोणी सांगत नाही. कथेतल्या नायकाचे तसे नसते. तो मुलाच्या डोळ्यांसमोर घाबरतो, चुकतो, पडतो आणि मग उभा राहतो. म्हणून मूल त्याच्यात स्वतःला पाहते. शिवाय कथेतल्या नायकाचा पुतळा नसतो. त्याला प्रश्न विचारले तर कोणाच्या भावना दुखावत नाहीत.

तेव्हा काल्पनिक नायक हवेत की नकोत, हा वाद आम्हाला महत्त्वाचा वाटत नाही. कोणत्या गुणांसाठी आपण एखाद्याला नायक म्हणतो, हा खरा मुद्दा आहे. समाजाने नायक कोणाला म्हटले, यावर पुढची पिढी कशाची वाट पाहत बसणार हे ठरते.

मोजपट्टी कोणती?

ही मोजपट्टी बाबासाहेबांनी आपल्याला देऊन ठेवली आहे. १८ जानेवारी १९४३ रोजी पुण्यातील गोखले स्मारक सभागृहात त्यांनी ‘रानडे, गांधी आणि जिना’ हे भाषण दिले. थोर माणूस कोणाला म्हणावे, याची त्यात सविस्तर चर्चा आहे. नुसता प्रामाणिकपणा किंवा नुसती बुद्धी पुरेशी नाही, त्यामागे सामाजिक ध्येयाची ओढ हवी, असे त्यांनी मांडले. विभूतिपूजेचेही त्यांनी दोन प्रकार केले. एखाद्यातल्या चांगल्याचा मनापासून आदर करणे वेगळे आणि डोके बाजूला ठेवून त्याच्या मागे जाणे वेगळे. पहिल्याने माणूस मोठा होतो, दुसऱ्याने तो गुलाम होतो. पुढे २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत बोलताना त्यांनी राजकारणातल्या भक्तीचा धोका पुन्हा एकदा सांगितला.

‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात तर हा विचार मुळापासून आला आहे. बुद्ध मोक्षदाता नाहीत, मार्गदाता आहेत. ते वाट दाखवतात, चालायचे आपल्यालाच असते. हीच कसोटी आपण कथेतल्या नायकांना लावून पाहू. जो स्वतः सगळे करून टाकतो आणि लोकांना टाळ्या वाजवायला ठेवतो, तो तारणहार. ज्याच्यामुळे लोक स्वतःच्या पायांनी पलीकडे जातात, तो नायक.

पूल झालेला वानरराजा

बौद्ध परंपरेत काल्पनिक नायकांची कमतरता कधीच नव्हती. पाली जातकसंग्रहात साडेपाचशेच्या आसपास कथा आहेत. पुनर्जन्माच्या अंगाने त्या वाचायच्या की नाही, हा वेगळा विषय आहे. गुणांच्या कथा म्हणून त्या आजही वाचण्यासारख्या आहेत.

त्यांतली महाकपि जातकाची कथा पाहा. गंगेच्या काठी आंब्याचे एक मोठे झाड असते आणि त्यावर वानरांचा कळप राहत असतो. राजाची माणसे धनुष्यबाण घेऊन झाडाला वेढा घालतात. वानरांचा प्रमुख पलीकडच्या तीरावर उडी मारतो. तो एकटा असता तर तिथेच सुटला असता. पण तो वेल कमरेला बांधून परत फिरतो. वेल थोडा आखूड पडतो, म्हणून झाडाची फांदी हातांनी धरून तो स्वतःच्या शरीराचा पूल करतो. कळप त्याच्या पाठीवरून पार होतो. त्याचा जीव जातो, पण कळप वाचतो. पकडायला आलेला राजाही हे पाहून खजील होतो आणि राज्य कशासाठी असते हे त्याच्याकडून शिकतो.

हा प्रसंग भारहुत आणि सांची येथे दगडात कोरला आहे. आपल्या महाराष्ट्रात अजिंठ्याच्या १७ क्रमांकाच्या लेणीत तो रंगवला आहे. सहलीला गेलेली मुले अजिंठ्यात घाईघाईने सेल्फी काढून परततात. त्यांना या चित्रासमोर दोन मिनिटे उभे करून ही गोष्ट सांगितली, तर नायक म्हणजे काय हे वेगळे समजावून सांगावे लागणार नाही. या नायकाने कोणाला मारले नाही, चमत्कार केला नाही. सुटका झालेली असताना तो मागे वळला. त्याचे मोठेपण त्या वळण्यात आहे.

दया मिळवणारी पात्रे

आधुनिक काळात मात्र पडद्यावर आपल्या वाट्याला फार काळ वेगळीच पात्रे आली. १९३६ च्या ‘अछूत कन्या’ मधली कस्तुरी इतरांचा जीव वाचवताना रेल्वेखाली सापडून मरते. १९५९ च्या ‘सुजाता’ मध्ये सांभाळ करणाऱ्या आईला रक्त दिल्यावर नायिकेला मनापासून मुलगी म्हणून स्वीकारले जाते. हे चित्रपट चांगल्या हेतूने काढले गेले आणि त्या काळात त्यांनी धाडसही दाखवले, हे मान्य करायला हवे. पण त्यातला धडा काय? अस्पृश्याने आपले चांगुलपण जीव देऊन किंवा रक्त देऊन सिद्ध करावे, मग समाज त्याला माणूस म्हणेल.

इथे सहनशीलता हा सर्वांत मोठा गुण ठरतो. प्रेक्षक रडतो आणि हलका होऊन घरी जातो. ज्या व्यवस्थेने कस्तुरीला मारले, ती तशीच राहते.

दुसरा प्रकार अलीकडचा. २०१९ च्या ‘आर्टिकल १५’ मध्ये अत्याचाराचा छडा लावणारा नायक सवर्ण पोलीस अधिकारी आहे. विषय गरजेचा होता, पण आपल्यावरच्या अन्यायाच्या गोष्टीतही नायक बाहेरूनच का यावा, हा प्रश्न तेव्हा अनेकांनी विचारला. तो रास्त होता. चांगला अधिकारी असू नये, असे कोणी म्हणत नाही. पण मुलाने दर वेळी हेच पाहिले, तर आपले काम फक्त वाट पाहण्याचे आहे असा त्याचा समज होतो.

फकिरा : उपाशी माणसांसाठी उचललेली तलवार

मराठी साहित्यात हे चित्र उलटे करणाऱ्यांत अण्णा भाऊ साठे अग्रभागी आहेत. त्यांची ‘फकिरा’ कादंबरी १९५९ साली आली. १९६१ मध्ये तिला राज्य शासनाचा पुरस्कार मिळाला. ही कादंबरी अण्णा भाऊंनी बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केली आहे. फकिरा प्रत्यक्ष होऊन गेलेल्या माणसावर बेतलेला आहे, पण आपल्या मनात जो उभा राहतो तो अण्णा भाऊंनी घडवलेला फकिरा.

त्याचा बाप राणोजी गावाच्या मानासाठी जोगणी आणायला जातो आणि त्यात मारला जातो. ज्या गावाने मांगांना वेशीबाहेर ठेवले, त्याच गावासाठी एक मांग जीव देतो. फकिरा या आठवणीत वाढतो. इंग्रज सरकार त्याच्या समाजाला जन्माने गुन्हेगार समजते आणि हजेरी लावते. दुष्काळ पडतो, माणसे अन्नावाचून मरायला लागतात. तेव्हा फकिरा धान्याची कोठारे फोडतो आणि धान्य उपाशी घरांत पोहोचवतो. पुढे सरकारी खजिन्यावरही हात टाकतो. शेवटी सरकार त्याची माणसे पकडून ठेवते. त्यांच्यासाठी तो स्वतःहून हजर होतो.

फकिरा शूर आहे, हे तर झालेच. पण शूर तर दरोडेखोरही असतो. त्याच्या शौर्याला नीती आहे. तो लुटतो ते भुकेसाठी, साठवण्यासाठी नाही. आणि शेवटी सुटता येत असताना तो परत फिरतो. वानरराजा आणि फकिरा यांच्यात दोन हजार वर्षांचे अंतर आहे, गुण मात्र एकच आहे.

आज फकिराला एका जातीच्या जयंतीपुरते ठेवण्याचा प्रयत्न होतो. जातीजातींनी नायक वाटून घेतले, तर अण्णा भाऊंनी ते पुस्तक कोणाला अर्पण केले याचा अर्थच आपल्याला कळला नाही, असे होईल. फकिरा जितका मातंग समाजाचा, तितकाच बौद्धांचाही.

काशीनाथ आणि जात चोरणारा

बाबुराव बागूल यांचा ‘जेव्हा मी जात चोरली होती’ हा कथासंग्रह १९६३ चा. त्यातल्या शीर्षककथेत दोन तरुण आहेत आणि दोघेही आपलेच आहेत. पहिला, म्हणजे गोष्ट सांगणारा, रेल्वेच्या नोकरीसाठी सुरतेजवळ उधन्याला येतो. राहायला खोली हवी, म्हणून जात लपवतो. तो हुशार आहे, कविता करतो. नव्या भारताचा नागरिक म्हणून त्याची छाती भरून आलेली आहे. सहकारी त्याच्यावर खूश होतात, घरी जेवायला बोलावतात. दुसरा, काशीनाथ सपकाळ, जात लपवत नाही. त्याला पाणीसुद्धा नाकारले जाते, पण अपमान झाला की तो उसळून उठतो.

शेवटी पहिल्याची जात उघड होते. काल त्याच्या कवितेला दाद देणारेच त्याला मारतात. त्याला वाचवायला काशीनाथ धावून येतो. पण मार खाल्लेला तरुण काय समजतो? हा मार या माणसांनी दिलेला नाही, तो मनूने दिलेला आहे, हे त्याला कळून चुकते.

यात नायक कोण, असे विचारले तर आम्ही म्हणू, दोघेही. काशीनाथकडे निर्भयता आहे. तो आपली ओळख लपवत नाही आणि दुसऱ्याच्या संकटात मागे हटत नाही. सांगणाऱ्याकडे समज आहे. अंगावर वळ असताना तो माणूस आणि व्यवस्था यांत फरक करू शकतो. राग असावा, पण तो कोणावर हे ठाऊक असावे. धम्मात द्वेषाला जागा नाही, याचा अर्थ अन्याय गिळावा असा होत नाही. घाव कुठे घालायचा ते नीट पाहावे, असा होतो.

ही कथा जुनी झाली, असे कोणी म्हणू नये. शहरात शिकायला गेलेल्या आपल्या मुलामुलींना खोली घेताना आजही आडनाव विचारले जाते. काही जण ते अर्धवट सांगतात. त्यांना भित्रे म्हणणे सोपे आहे. बागूल तसे म्हणत नाहीत. लपवण्याची पाळी आणणाऱ्यांकडे ते बोट दाखवतात, आणि लपवून वाचता येत नाही हेही सांगतात.

भाकरी नाकारायला सांगणारा आजा

बंधुमाधव यांच्या ‘विषारी भाकरी’ या कथेतला येताळ्या आजा तर कुठल्याच अर्थाने हिरो वाटत नाही. तो पाटलापुढे वाकतो. शिकलेला नातू पाटलाला उलट बोलतो, तर आजा नातवाच्या वतीने माफी मागतो. शेवटी पदरात पडलेले शिळे, बुरसटलेले तुकडे घरी आणतो, तेच खातो आणि त्यानेच मरतो.

पण मरताना त्याला सत्य दिसते. जातीच्या हक्काची म्हणून मिळणारी ही भाकरी माणसाला आतून मारते, तिच्यावर जगू नका, शिका, असे तो घरच्यांना सांगून जातो. आयुष्यभर वाकलेल्या म्हाताऱ्याने शेवटच्या क्षणी पुढच्या पिढीची मान ताठ केली. १९९२ मध्ये अर्जुन डांगळे यांनी संपादित केलेल्या दलित साहित्याच्या इंग्रजी संकलनाला याच कथेचे नाव दिले गेले. बाबासाहेबांच्या सांगण्यावरून ज्यांनी गावकीची कामे सोडली, त्या आपल्या आज्या-पणज्यांचे चेहरे या आजात दिसतात. त्यांचे फोटो भिंतीवर नाहीत.

जब्याचा दगड

नागराज मंजुळे यांच्या ‘फँड्री’ (२०१३) मधला जब्या शाळकरी आहे. त्याला वर्गातली शालू आवडते. तिचे मन वळावे म्हणून तो काळ्या चिमणीच्या मागे रानोमाळ फिरतो. बापाबरोबर डुक्कर पकडायची त्याला लाज वाटते. शाळेजवळच डुकरामागे धावायची वेळ येते, तेव्हा तो भिंतीआड लपतो. सगळे हसतात. मेलेले डुक्कर वाहून नेताना मागे शाळेच्या भिंतीवर बाबासाहेब आणि सावित्रीमाईंची चित्रे दिसतात. कोणी एक शब्द बोलत नाही, पण चित्रे भिंतीवर आली आणि विचार भिंतीच्या आत गेला नाही, हे पाहणाऱ्याला कळते.

शेवटी जब्या दगड उचलतो आणि तो थेट पडद्याकडे, म्हणजे आपल्याकडे येतो. हा विजय नाही. उद्या जब्याचे काय होईल, हे आपल्याला ठाऊक नाही. पण लाजेचे रूपांतर नकारात होण्याचा तो क्षण आहे. जब्याचे कौतुक दगडासाठी करू नये. जी लाज आपली नाहीच, ती त्याने अंगावरून झटकली, यासाठी करावे.

आणखी एक गोष्ट. जब्या कैकाडी समाजातला आहे. पडद्यावर त्याच्यासाठी हळहळणारे आपण गावात त्याच्या बापाशी कसे वागतो? दगड पडद्याबाहेर येतो, तो आपल्यालाही लागू शकतो.

तिचे कवच

आतापर्यंतचे सगळे नायक पुरुष झाले. हीही आपल्या कथांची एक उणीव आहे, आणि ती भरून काढण्याचे काम लेखिकांनी केले. उर्मिला पवार यांच्या ‘कवच’ कथेत बाजारात आंबे विकणारी आई आहे. घ्यायला येणारे पुरुष आंब्यांच्या नावाखाली दुहेरी अर्थाचे बोलतात. सोबत असलेल्या शाळकरी मुलाला ते सहन होत नाही, आईचीच लाज वाटू लागते. पण आई त्यांच्याच भाषेत असे रोखठोक उत्तर देते की बोलणाऱ्याचे तोंड बंद होते. तिची जीभ हेच तिचे कवच. तिला वाचवायला कोणी धावून येत नाही, आणि तिला त्याची गरजही पडत नाही.

पा. रंजित यांच्या ‘काला’ (२०१८) मध्ये धारावीच्या आंदोलनातली तरुणी पुयल आठवा. अंजली पाटील यांनी ती साकारली आहे. पोलीस तिची सलवार ओढून फेकतात. एका बाजूला सलवार पडली आहे, दुसऱ्या बाजूला लोखंडी सळई. ती सळई उचलते. अब्रू बाईच्या कपड्यात नसते, ती अंगावर हात टाकणाऱ्याची गेलेली असते, हे त्या एका कृतीतून समजते.

त्याच चित्रपटाचा शेवटही पाहण्यासारखा आहे. नायक रजनीकांत, म्हणजे एकट्याने शंभरांना लोळवणारा. पण शेवटी बिल्डर-नेत्याला धारावीत प्रत्येक चेहऱ्यात कालाच दिसू लागतो. नायक एक उरत नाही, वस्तीच नायक होते. एवढा मोठा तारा घेऊनही दिग्दर्शकाने लोकांना प्रेक्षक ठेवले नाही.

मग मुलांना काय सांगायचे?

या सगळ्यांचे गुण एकत्र मांडले तर असे दिसते. स्वतः सुटता येत असताना मागे वळणे. शौर्याला नीतीची जोड. ओळख न लपवणे. माणूस आणि व्यवस्था यांतला फरक कळणे. अपमानाची भाकरी नाकारणे. आपली नसलेली लाज झटकून टाकणे. यातल्या एकाही गुणासाठी दैवी शक्ती लागत नाही. मैत्री, प्रज्ञा आणि शील हे शब्द आपण वंदनेत रोज उच्चारतो. या गोष्टींत ते माणसांच्या रूपात चालताना दिसतात.

म्हणून स्पायडरमॅन पाहणाऱ्या मुलाचा टीव्ही बंद करू नका. त्याच्या शेजारी बसा आणि विचारा : हा कोणासाठी लढतो? तो नसता तर त्या लोकांनी काय केले असते? त्याने लोकांना काही शिकवले की फक्त वाचवले? तो कधी घाबरला का? अशा चार प्रश्नांनी मूल विचार करायला लागते, आणि पुढे कोणत्याही नेत्यापुढे ते डोके गहाण ठेवणार नाही.

आपल्या विहारांत रविवारी मुले जमतात. वंदना झाल्यावर अर्धा तास एखादी कथा मोठ्याने वाचता येईल. आज महाकपि, पुढच्या रविवारी ‘विषारी भाकरी’, थोड्या मोठ्या मुलांसाठी बागूल आणि उर्मिला पवार. जयंतीच्या वर्गणीतून डीजेचा एक तास कमी केला तरी ही पुस्तके विहाराच्या कपाटात येतील. मग मुलांनाच सांगा, तुमचा नायक तुम्ही लिहा. कचरा वेचणारी, परीक्षेला बसणारी, खोली शोधणारी, न घाबरता आडनाव सांगणारी पात्रे त्यांच्या वहीतून येऊ द्या.

जय भीम! नमो बुद्धाय!